पाडव्यापर्यंत साहेबाची

अमरावतीहून अकोल्याला जायचं तर बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. मी राजापेठेत राहतो, मुलगी अकोल्याला जठारपेठेत दिली आहे, त्यामुळे वर्षातून चार-सहा खेपा होतातच. अकोला स्टेशन आलं की मला तहान लागते. हिवाळा असो, नुकतंच पोटभर पाणी प्यालेलं असो, लागतेच. जावई स्टेशनवर घ्यायला येतो. मी गाठोडं त्याच्या हातात देऊन आधी पाणपोईकडे वळतो आणि ओंजळी भरभरून पितो. घरी रांजण भरलेला असताना हे कशाला, असं त्याला वाटतं. सासऱ्याला काय बोलणार, म्हणून तो गाठोडं धरून उभा राहतो.

पाणपोईवरचा माणूस पाणी ज्या विहिरीतून आणतो ती मालधक्क्याच्या मागे आहे. तिच्यावर आता लोखंडी झाकण बसवलंय आणि भोवती कोळशाचे ढीग पडलेले असतात. ती विहीर माझ्या आज्यानं खोदली. आमची होती. मग तीन पाडव्यांसाठी ती एका गोऱ्या साहेबाची झाली, आणि तिसरा पाडवा उजाडायच्या आत सरकारनं साहेबाची म्हणून ती घेतली. एवढीच ही हकीकत आहे. चाळीस वर्षं होत आली तरी ती माझ्या घशाखाली उतरत नाही, पाणी तेवढं उतरतं.

आम्ही तेव्हा अकोल्यालाच होतो, आणि आमचा मळा गावाच्या वेशीबाहेर होता. काळी जमीन, थोडकीच, पण बारमाही पाण्याची. वांगी, मेथी, कांदा, मिरची, कडेनं झेंडू, आणि विहिरीच्या अंगाला माझ्या आईनं लावलेली मोगऱ्याची लांब रांग. विहिरीवर एक उंबर वाकलेला होता. त्याची सावली थारोळ्यावर पडायची, म्हणजे मोटेचं पाणी जिथं कोसळतं त्या दगडी कुंडावर. भर वैशाखात त्या थारोळ्यात पाय सोडून बसलं की डोक्यापर्यंत गार वाटायचं. बाप मोट हाकायचा. बैल धावेच्या उतारावरून खाली जाताना तो काहीतरी गुणगुणायचा, ते गाणं होतं की बैलांशी बोलणं, ते मला कधी कळलं नाही. मोटेच्या चाकाच्या कण्याचा आवाज लांबून ऐकू यायचा. त्या आवाजावरून आई सांगायची की आज डावा बैल अंग चोरतोय.

आई पहाटे मोगरा खुडायची. फुलं ओल्या फडक्यात बांधून देवळापाशी जाऊन बसायची, आणि उन्हं चढायच्या आत टोपली रिकामी करून परत. तिच्या बोटांना तो वास कायमचा होता. भाकरीलाही यायचा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरच्या भाकरीला मोगऱ्याचा वास येतो. आता सांगायला हरकत नाही, तसली भाकर पुन्हा एकदा खायला मिळावी म्हणून मी काय वाटेल ते देईन.

मग कापसाचं वेड आलं. सात समुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई लागली आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, असं लोक सांगायचे. अमेरिका कुठं आहे हे आमच्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण तिच्या नावानं वऱ्हाडात जो तो कापूस पेरायला धावला. ज्वारीची शेतं गेली, तुरीची गेली. बैलगाड्यांच्या रांगा रस्त्यावर संपायच्या नाहीत. धनवान शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या अशी वदंता होती. मी तसली एकही गाडी पाहिली नाही, पण पाहिली असं सांगणारे शंभर जण पाहिले.

ह्या वेडात आमच्या मोटेला बैल मिळेनासे झाले. आमचा एक बैल म्हातारा होऊन बसला होता. पूर्वी कोणी ना कोणी उधारउसना बैल द्यायचा. आता ज्याच्या दावणीला बैल त्याचा बैल कापसाच्या गाडीला. गडीही मिळेना. वांगी सुकू लागली. बाप एका बैलावर मोट हाकायचा प्रयत्न करायचा आणि अर्ध्या तासात बसायचा. मी तेव्हा वीस-एकविसाचा होतो, लग्न झालेलं होतं, पंतोजींच्या शाळेत मोडी आणि बाळबोध शिकलेलो असल्यामुळे स्वतःला फार शहाणा समजत होतो. मी बापाच्या मागे लागलो की हा भाजीपाला सोडा, आपणही गाडी घेऊ, कापूस वाहू. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं ह्यालाच म्हणतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

त्याच सुमारास साहेब आला. तो इंग्रज नव्हता. दुसऱ्याच कुठल्या गोऱ्या मुलखातली कंपनी होती, तिचा तो इथला माणूस. उंच, लालसर, नाकावर कायम ऊन लागून कातडं सोललेलं. मोडकंतोडकं हिंदुस्थानी बोलायचा. त्याला कापसाची वखार घालायची होती, आणि कापसाला भीती आगीची, म्हणून त्याला भरपूर पाण्याची विहीर असलेली जागा हवी होती. गावाजवळ, मोठ्या रस्त्याला लागून, बारमाही पाणी. आमच्या मळ्याइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती.

बाप विकायला तयार नव्हता. तीन वर्षांसाठी देतो म्हणाला. आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं, कसायला दिलेली जमीन पाडव्याला दिली-घेतली जाते, तेव्हा मुदतही पाडव्याचीच ठरली. तिसऱ्या पाडव्याला साहेबानं विहिरीपाशी उभं राहून मूठभर माती बापाच्या हातात द्यायची, म्हणजे मळा परत आला. तोवर उंबर तोडायचा नाही, विहीर बुजवायची नाही, आणि आईला रोज पहाटे मोगरा खुडायला येऊ द्यायचं. साहेबानं कागद करायचं काढलं. बाप कागदाला हात लावायला तयार होईना. त्याच्या लेखी कागद म्हणजे नंतर भांडण्यासाठी करून ठेवलेली सोय. तो म्हणाला, बेलभंडार उचलू.

देवासमोर बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन बोललेला शब्द फिरवता येत नाही, एवढं साहेबाला मी समजावून सांगितलं. त्यानं टोपी काढली आणि न हसता तळहात पुढं केला, हे मला आवडलं नाही. तो हसेल आणि बाप उठून जाईल, अशी मला थोडी आशा होती की काय कोण जाणे. शब्द दोघांनीही उचलला. साहेबाचा शब्द की तिसऱ्या पाडव्याला परत देईन. बापाचा शब्द की तोवर मळा साहेबाचा, तोवर मी त्याला माझा म्हणणार नाही. बेलभंडार एकतर्फी नसतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वांग्यांच्या जागी कापसाचे ढीग आले. रुई दाबून गाठी बांधायचा एक मोठा लाकडी दाब बसवला, त्याचा दांडा फिरवायला आठ-आठ माणसं लागायची. सगळीकडे तूस उडायचं, उंबराची पानं पांढरी दिसायची. मी गाडी घेतली, कापूस वाहिला, दोन हंगाम बरे गेले. पण बाजारात साहेबाचं नाव चांगलं नव्हतं. तो स्वतःची वजनं वापरायचा, ओला कापूस परत पाठवायचा, गावातल्या अडत्यांना विचारत नसे. मी त्याच्याच वखारीत गाडी रिकामी करायचो आणि बाहेर येऊन त्याला चारचौघांत शिव्या द्यायचो. खरं सांगायचं तर मला त्याच्या वजनांचा राग नव्हता. दुपारी तो आमच्या उंबराखाली खुर्ची टाकून बसायचा, त्याचा राग होता. तिथं माझा बाप बसायचा.

आईला मात्र त्यानं कधी अडवलं नाही. फाटकावरचा पहारेकरी तिला ओळखू लागला होता. ती पहाटे जायची, फुलं खुडायची, रोपांना दोन कळशा पाणी घालून यायची. एकदा गाठींची रास मोगऱ्यावर कलंडणार होती, ती साहेबानं हलवायला लावली, असं तिनं घरी येऊन सांगितलं. मी म्हटलं, आपल्याच मोगऱ्याचे आपल्यावरच उपकार. बाप म्हणाला, ‘आपला नाही तो. पाडव्यानंतर आपला.’

तिसरं वर्ष लागलं. बाप पाडव्याची वाट पाहू लागला. बोलून दाखवायचा नाही, पण त्यानं एक खोंड घेतला आणि त्याला घरामागच्या तुकड्यात मागे सरायला शिकवू लागला. मोटेच्या बैलाला भरली मोट ओढून खाली उतरण्यापेक्षा मागं मागं वर चढणं अवघड जातं. म्हातारा संध्याकाळी त्या खोंडाला पुढं-मागं करत असायचा. नवी मोट शिवायला चांभाराला कातडं नेऊन दिलं. आईनं वांग्यांचं बी राखेत घालून ठेवलं होतं, ते काढून पाहिलं. मीही कापूस वाहून कंटाळलो होतो. रस्त्याची धूळ नाकातोंडात जाऊन रात्रंदिवस खोकला यायचा, आणि गाडीवर बसल्या बसल्या मला थारोळ्यातल्या पाण्याचा आवाज आठवायचा.

तेवढ्यात आगगाडी येणार असं झालं. साहेब लोक लांबच लांब साखळ्या घेऊन शेतांतून मोजत फिरले, खुंट्या रोवून गेले. आणि माघात चावडीवर जाहीरनामा लागला की स्टेशनाकरिता अमुक अमुक जागा सरकार घेत आहे, तीत परदेशी कंपनीची वखार आहे, कोणाचा हक्क असल्यास महिन्याच्या आत कळवावं.

बाजारात दिवसभर दुसरा विषय नव्हता. एखाद्या परदेशी कंपनीचं असं घेता येतं का? एक म्हातारा व्यापारी म्हणत होता की व्यापारी हा पाहुणा असतो. पाहुण्याचं पागोटं काढून घेणाऱ्या घराकडे पुन्हा कोणी फिरकत नाही. दुसरा म्हणाला, सरकार म्हणजे धनी. धन्याच्या अंगणात कोणी किती दिवस खाट टाकायची ते धनीच ठरवणार. कोणी हळूच म्हणालं की इंग्रज तरी कुठला इथला, एका परक्यानं दुसऱ्या परक्याला परका म्हणून हाकलायचं हा काय प्रकार आहे. आणि रेल्वेही विलायतेच्या कंपनीचीच होती. म्हणजे एका कंपनीचं काढून दुसरीला द्यायचं, मध्ये सरकारनं हात धुवायचे. त्यावर लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं बोलत होतो तो मी. मी म्हणत होतो, बरं झालं, घ्यायलाच पाहिजे. समुद्रापलीकडून यायचं, आमची माती वापरायची, आमच्या झाडाखाली बसायचं, वर आमच्याच कापसाला नाकं मुरडायची! गाडीनं आपल्या लेकरांचं भलं होईल, त्याच्या वखारीनं कोणाचं झालंय? लोकांनी माना डोलावल्या. मला इतकं स्फुरण चढलं की मी गूळ घेऊन वाटला. आजही कोणी गुळाचा खडा हातावर ठेवला की मला ती दुपार आठवते आणि तोंड कडू होतं.

गुळाचा उरलेला पुडा घेऊन घरी गेलो. आई शेणानं अंगण सारवत होती. मी तिला सांगितलं की सरकारनं साहेबाची वखार घेतली. ती हात न थांबवता म्हणाली, ‘वखार त्याची हाये ते खरं. पन उभी कोनाच्या मातीवर हाये?’

मी तिथंच उभा राहिलो. इतका शिकलेला मी, जाहीरनामा स्वतः वाचून चार लोकांना समजावून सांगितला होता, आणि त्यातली जागा म्हणजे आपला मळा हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. तीन वर्षं बापानं त्याला साहेबाचा म्हटलं, गावानं वखार म्हटलं, मीही वखारच म्हणत आलो. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण इथं ओलं आमचं आहे, हेच मी विसरलो होतो.

त्याच दिवशी मी अर्ज लिहायला बसलो. अक्षर वळणदार काढून लिहिलं की जागा आमच्या वडिलार्जित मालकीची आहे, कंपनीला फक्त मुदतीनं दिली आहे, सबब ती घेऊ नये, निदान विहीर आणि तिच्या भोवतीची बाग सोडावी. बापाचा अंगठा हवा होता. बाप म्हणाला, आजच्याला तो मळा माहा नाही, खोटा अंगठा कसा देऊ. मी समजावलं, हात जोडले, ओरडलो. पाडव्याला महिना-दीड महिना उरला होता आणि जाहीरनाम्याची मुदत त्याच्या आत संपत होती. एका महिन्यासाठी आजोबाची विहीर घालवायची? तो म्हणाला की सरकारला समजेल. मला हसू आलं. मग त्यानं जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही.

‘हा सारा वऱ्हाडच हैदराबादनं इंग्रजाले ठेवाले देल्ला हाये,’ तो म्हणाला. ‘जो स्वतःच ठेवीवर बसला हाये, त्याले ठेव म्हंजे काय ते समजत नाही काय?’

मी माझ्या सहीनं अर्ज घेऊन कचेरीत गेलो. बाप जिवंत असता मुलाचा हक्क कसला, असं कारकून म्हणाला, पण अर्ज ठेवून घेतला. जागेवर पाहणी होईल तेव्हा बापालाच विचारू, असं सांगितलं. म्हणजे सगळं पुन्हा म्हाताऱ्याच्या जिभेवर येऊन ठेपलं.

पाहणीच्या दिवशी वखारीत गोरा अंमलदार आला, कारकून आला, चार पंच आले. साहेब टोपी हातात घेऊन लालबुंद होऊन बोलत होता. कारकून त्यातलं थोडंथोडं आम्हांला मराठीत सांगत होता. साहेबाचं म्हणणं असं, की ज्याला विकायचं नाही त्याला किंमत देऊन घेतलं म्हणून ते घेणं न्यायाचं होत नाही. उद्या दुसऱ्या राज्यात तुमच्या कंपनीवर हीच पाळी आली तर तुम्ही काय म्हणाल? वखार माझी आहे, दाब माझा आहे, त्याची भरपाई द्या नाहीतर देऊ नका, पण जमीन माझी नाहीच. जमीन ह्या म्हाताऱ्याची आहे, आणि पाडव्याला ती मी त्याला परत देण्याचा शब्द दिला आहे. मी खाली मान घालून ऐकत होतो. जे ओरडून सांगावं असं मला वाटत होतं, ते सगळं ज्याला हाकलावं म्हणून मी गूळ वाटला तोच ओरडून सांगत होता.

अंमलदार वाईट माणूस नव्हता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि बापाला पुढं बोलावलं. कारकुनानं विचारलं, ही जमीन कोणाची?

मी बापाच्या मागे उभा होतो. त्यानं विहिरीकडे पाहिलं, उंबराकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल. एकच शब्द म्हणायचा होता.

‘पाडव्यापर्यंत साहेबाची,’ तो म्हणाला.

कारकुनानं विचारलं, म्हणजे आज तुमची काही मागणी नाही? बाप म्हणाला, आज मागायचा मले हक नाही, पाडव्याला या, मंग मागतो. अंमलदार कारकुनाशी काही बोलला. सरकारचं काम पाडव्यासाठी थांबत नाही, असं कारकुनानं आम्हांला सांगितलं आणि लिहून टाकलं की जागा कंपनीच्या ताब्यात, मूळ मालकाची मागणी नाही. माझा अर्ज त्याच कागदांत कुठंतरी गेला. साहेबानं बापाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी कधी कोणाच्या डोळ्यांत पाहिली नव्हती. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि फाटकाबाहेर निघून गेला. पुढच्या आठवड्यात दाब उतरवून गाड्यांवर चढवला आणि कंपनी खामगावकडे गेली. भरपाई मिळाली ती कंपनीला. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

मी बापाशी बोलणं टाकलं. घरात ताट समोर आलं की जेवायचं, उठायचं. त्याचा शब्द पाळायचा हट्ट मला माणुसकीसारखा वाटेना, माज वाटू लागला. मुलाच्या, नातवांच्या तोंडचं काढून घेऊन ह्यानं स्वतःचा देव सांभाळला, असं मी बायकोला म्हणत होतो. आई मध्ये पडली नाही. ती पहाटे सवयीनं टोपली घेऊन उठायची, दारापर्यंत जायची आणि टोपली पुन्हा खुंटीला अडकवायची.

पाडवा आला. घरावर गुढी उभारून झाल्यावर बापानं धुतलेलं धोतर नेसलं, नारळ घेतला आणि निघाला. कुठं जातो ते विचारायची गरज नव्हती. रागावलेलो होतो तरी मी मागून गेलो. वाटेत कोणी भेटलं की तो रामराम घालायचा आणि मळ्यावर जातो म्हणून सांगायचा.

खांब रोवून तार ओढलेली होती. आतमध्ये मातीचा मोठा भराव घालणं चाललं होतं. उंबर तोडलेला होता, त्याचं खोड तसंच पडलेलं. मोगऱ्याची रांग भरावाखाली गेली होती. विहीर मात्र होती, कामावरच्या लोकांना पाणी लागतं म्हणून ठेवलेली. बाप तारेपाशी जाऊन उभा राहिला. आता काय करणार हे त्यालाही ठाऊक नसावं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्याचा हात धरावासा वाटला.

रस्त्यावर एक तट्टू थांबलं. साहेब उतरला. कपडे धुळीनं भरलेले, नाकावरचं कातडं नेहमीसारखं सोललेलं. अमेरिकेतली लढाई संपत आल्याच्या बातम्या तेव्हा येऊ लागल्या होत्या, कापसाचा भाव घसरत होता, त्याच्या कंपनीचंही बरं चाललेलं नव्हतं असं ऐकलं होतं. तो आमच्यापाशी आला आणि टोपी काढली.

‘पाडवा आज है ना?’ त्यानं विचारलं.

बापानं मान हलवली. साहेबानं तारेकडे पाहिलं, आत पाहिलं. मग तो गुडघ्यावर बसला, तारेच्या खालून आत हात घातला आणि चाचपून मूठभर माती घेतली. हात बाहेर काढताना त्याची बाही तारेला अडकून फाटली. त्यानं ती माती बापाच्या तळहातावर ठेवली. पहारेकरी लांबून ओरडला, पण जवळ आला नाही. बापानं नारळ फोडला, एक वाटी साहेबाला दिली. फिटली तुमची शपथ, असं तो म्हणाला. वाटी हातात घेऊनच साहेब तट्टूवर बसून गेला. त्याला मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्याला शिव्या दिल्या होत्या, त्या परत कशा घ्याव्यात हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

बापानं माती पागोट्याच्या टोकात बांधली. त्याचा चेहरा निवळला होता. ‘आता आपला झाला,’ तो मला म्हणाला, जणू मधले सगळे दिवस मी त्याच्याशी बोलत होतो.

घरी आल्यावर त्यानं मला सरकारचा कागद काढून वाचायला सांगितलं. कंपनीनं जागा सोडली त्याची नक्कल मी कचेरीतून आणून ठेवली होती. मी वाचून दाखवला. संपल्यावर तो थांबला, अजून पुढं काहीतरी आहे असं समजून. मग म्हणाला, ‘सायबाचा पाडवा झाला. सरकारनं कोनत्या पाडव्यापर्यंत घेतला?’

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात पाडवा नव्हता. त्याला सांगितलं, इथं लिहिलेलं नाही. तो म्हणाला, मग कचेरीत जाऊन विचारून ये, मुदतीशिवाय कोणी काही घेत असतं काय.

मी गेलो. कचेरीच्या पायऱ्यांवर दुपारपर्यंत बसलो. आत जाऊन हा प्रश्न विचारायचा कसा ते मला सुचेना. कारकून हसेल ह्याची भीती नव्हती, तो खरं उत्तर देईल ह्याची होती. संध्याकाळी घरी आलो. खोंड अजून मागे सरायचं शिकत होता. बाप त्याची दोरी धरून माझ्याकडे बघत होता.

ज्या माणसानं मळा वाचवायला एक खोटा शब्द उच्चारला नाही, त्याला मी सांगितलं, ‘येत्या पाडव्याले सांगतो म्हनाले.’

त्यानंतर तो अकरा पाडवे जगला. दर पाडव्याला धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर बसायचा आणि रस्त्याकडे बघायचा, दुपारपर्यंत. मग आत यायचा आणि जेवायचा. मला कधी काही विचारलं नाही.